उलट फुंकर

त्या रविवारी मी आईबाबांकडे गेले तेव्हा बाबा मागच्या खोलीत बाटली धूत होते. म्हणजे लांब दांड्याच्या ब्रशने तिच्या पोटातला पांढरट थर खरवडत होते, आणि मधूनमधून खोकून तोंडात आलेलं त्याच मोरीत टाकत होते. ते मोरीच्या जाळीवर तसंच बसून राहत होतं. मी वरून मगभर पाणी ओतलं. गेलं नाही. दुसरा मग ओतला.

बाबा आयुष्यभर काच फुंकत आले. प्रयोगशाळांना लागणारे चंबू, वळणावळणाच्या नळ्या, नाजूक तोट्या. तोंडात रबराची नळी, समोर ज्योत, आणि गालांतली हवा अशी मोजून सोडायची की काच फुगावी पण फुटू नये. कारखान्यात त्यांना सगळे 'भाता' म्हणत. मी लहान असताना कारखाना सुटला तेव्हा हा भाता घरी आला, आणि मागच्या खोलीत त्याने संसार मांडला.

साध्या काचेला साधी ज्योत पुरते. बाबांना क्वार्ट्झ वितळवायचा होता, त्याला हायड्रोजन लागतो. वस्तीत सिलिंडर ठेवायला आईने साफ नकार दिला, म्हणून खोलीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक पिंप बसवलं आणि पाण्यात वीज सोडून त्यातून गॅस काढायला लागले. हे सिलिंडरपेक्षा बरं की वाईट, यावर आईचं आणि त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

गॅस पिंपातून निघे, भिंतीतल्या भोकातून रबरी नळीने खोलीत येई आणि टेबलावरच्या बर्नरला मिळे. धोका एकच होता. ज्योत कधीकधी पुढे जळायचं सोडून उलटी फिरते आणि नळीतून मागे धावते, थेट पिंपापर्यंत. मग पिंप राहत नाही, शेड राहत नाही, जवळ उभा असलेला माणूसही राहत नाही. तिला वाटेत अडवायला फ्लॅशबॅक अरेस्टर लावतात. विकत मिळतो. बाबांनी तो स्वतः काचेचा केला होता, एक फुगीर पोटाची बाटली. गॅस तिच्यात तळाच्या पाण्यातून बुडबुडत वर येणार, म्हणजे मागे येणारी ज्योत त्या पाण्यात विझणार. वर बाटलीच्या गळ्यात वाटाण्याएवढी काचेची गोळी. गॅस पुढे जाताना ती उचलली जायची. उलट दाब आला की टिक करून घशात बसायची आणि वाट बंद.

ती गोळी नीट बसते की नाही हे बघणं माझं काम होतं, मी सात-आठ वर्षांची होते तेव्हापासून. बर्नर काढून तिथे रबरी तोंडी लावायची. बाबा खोलीत, ती तोंडी ओठांत धरून उलट फुंकर मारायचे. मी भिंतीपलीकडे शेडमध्ये, पिंपापासून सोडवलेलं नळीचं टोक गालाला लावून उभी. गालाला काही लागलं नाही की मी ओरडायचे, "काही येत नाही, बाबा." मग आतून काड्यापेटी खुळखुळायची. काड्या आहेत का ते ते नेहमी असं हलवून बघत. मग नळी जोडायची आणि काडी ओढायची.

त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. आईशी खोटं बोल, शाळेत खोटं बोल, माझ्याशीही बोल. इथे नाही. इथे खोटं बोललीस तर कोणीतरी भाजेल.

खोटं बोलायची वेळच आली नाही. त्यांची बाटली कधी चुकली नाही, आणि मी 'काही येत नाही' सोडून दुसरं काही कधी ओरडले नाही.

त्या रविवारीही त्यांनी हाक मारली. मी शेडमध्ये जाऊन नळीचं टोक उचललं आणि गालाला लावलं. ते ओलं होतं. धूळ काढायला बाबांनी आधी त्याच टोकातून फुंकलं असणार. रबर गार होतं, आणि त्याच्या कडेला काहीतरी चिकट जमलेलं होतं. मी नळी बाजूला केली तेव्हा ते गालाला धरून तारेसारखं ताणलं आणि तुटलं.

"काही येत नाही, बाबा," मी म्हणाले.

मी रुमालाने गाल पुसत होते, दुसऱ्यांदा पुसत होते, तेव्हा ते वळसा घालून शेडच्या दाराशी आले होते. कवळी काढलेली, त्यामुळे गाल आत गेलेले.

"माझीच थुंकी आहे गं," ते म्हणाले. "ॲसिड नाही."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली की आधी दात कुठे ठेवलेत ते बघा, नाहीतर बाटलीत सापडायचे. बाबा हसले, हसता हसता खोकले, आणि खोकता खोकता पिंपाला धरून खाली बसले. मला त्यांची किळस यायची हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. बहुधा त्यांना ठाऊक होतं.

हा आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस.

संध्याकाळी त्यांचं फुप्फुस फुटलं. डॉक्टरांचा शब्द वेगळा होता, पण अर्थ तोच. बरगड्यांमधून नळी घालून तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत पाण्याखाली सोडलं होतं. छातीत साठलेली हवा पाण्यातून बुडबुडत बाहेर पडते, पण परत आत जाऊ शकत नाही, असं नर्सने मला समजावलं. बाबांनी मान वळवून खाटेखाली बराच वेळ पाहिलं आणि मास्क बाजूला केला.

"माझीच बाटली," ते म्हणाले. "गोळी नाही बसवली यांनी."

त्या बाटलीतलं पाणी आधी गुलाबी झालं, मग चहासारखं. त्यात मऊ दोरे तरंगत होते. वर फेस धरला होता आणि तो प्रत्येक श्वासाला थरथरायचा. बाबांकडे बघवत नसे म्हणून मी बाटलीकडे बघायचे, आणि बाटलीकडे बघवत नसे म्हणून भिंतीकडे. नळीतलं पाणी श्वासाबरोबर चढत-उतरत होतं. एका सकाळी ते मधेच थांबलं. मला आधी कळलं, मग नर्सला.

नंतरचं सगळं लोकांनी केलं. उरली आई. ती नीट जेवत नव्हती, एकदा मोरीत पडली होती, आणि डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवू नका. माझ्या घरी तिची खोली तयार होती. खिडकीशी खुर्ची ठेवली होती. ती 'येईन, येईन' म्हणायची आणि मागच्या खोलीत जाऊन बाबांच्या स्टुलावर बसायची.

पुढच्या गल्लीतला वेल्डर पिंप न्यायला तयार झाला. बाबांना तो उस्ताद म्हणायचा. त्याने पिंप सोडवलं, पिंपाच्या आतले पत्रे वेगळे केले, नळीचं सुटलेलं टोक शेडमधल्या खिळ्यावर अडकवलं. मग आत येऊन बाटली उचलली आणि लगेच परत ठेवली. दोन्ही हात पँटला पुसले.

"काकू, हे आधी धुऊन द्या," तो म्हणाला. "यात कोणीतरी थुंकलंय."

ती बाटली त्या रविवारी बाबांनी माझ्यासमोर घासून स्वच्छ पाण्याने भरली होती. आता पाणी पिवळट होतं, वर फेस होता, आणि फेसातून खाली पांढरे दोरे लोंबत होते. मी म्हणाले, शेवाळ असेल. वेल्डर पिंप घेऊन गेला, बाटली न्यायला परत आला नाही.

मी ती धुतली. आतलं ब्रशच्या केसांना चिकटून लांबत बाहेर येत होतं, नळाखाली धरलं तरी सुटत नव्हतं. वास शेवाळाचा नव्हता. बाबा चघळत त्या खोकल्याच्या गोळीचा होता, आणि तिच्याखाली सकाळच्या न धुतलेल्या तोंडाचा, आंबूस. मला ओळखीचा होता. मी मोरीतच ओकले. मग बाटली ताज्या पाण्याने भरून जागेवर जोडून ठेवली. का जोडली, सांगता येत नाही. सवय.

पुढच्या वेळी पाणी पुन्हा तसंच होतं. आई स्टुलावर बसून भांड्याने बाटलीत पाणी घालत होती.

"कमी होतं गं," ती म्हणाली. "कमी होऊ द्यायचं नाही, हे सांगायचे ना."

तेवढ्यात गळ्यातली गोळी हलली. वर गेली, थांबली, टिक करून बसली. पुन्हा वर गेली. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्याची घाटी आवंढा गिळताना हलते, तशी. मी म्हणाले, शेडमध्ये वारा आहे. आईने शेडच्या दाराकडे पाहिलं. बाहेर वाळत घातलेला टॉवेल हलत नव्हता.

शोकात माणसाला नाही ते दिसतं आणि ऐकू येतं, यावर मी बरंच वाचलेलं आहे. त्यातल्या कुठल्याच पुस्तकात ते वेल्डरलाही दिसतं असं नव्हतं. पण आई जेवत नाही ती त्या खोलीमुळे, एवढं मला पुरेसं होतं. मी बाटली पुन्हा धुतली, तोंडी साबणाने धुऊन कोरडी केली, खिडकीला आतून कडी घातली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या घरी नेली.

रविवारी कुलूप उघडलं तेव्हा वास दारातच आला.

पाणी अर्ध्यावर उतरलं होतं आणि घट्ट झालं होतं. बर्नरच्या जागची रबरी तोंडी ओली होती. ओली म्हणजे थेंब असलेली नव्हे. लाळेने माखलेली. तिच्यापासून टेबलापर्यंत एक तार लोंबत होती. मी तोंडी उजेडात धरली. रबर दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं होतं, मऊसर, गोलसर, सलग. चावल्याच्या खुणा नव्हत्या. हिरड्यांच्या होत्या.

आईचे सगळे दात शाबूत आहेत.

ती दारात उभी होती. आठवडाभरात तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. खोलीत पाऊल न टाकता तिने विचारलं, "पाणी कमी झालंय का?"

मी तिला म्हणाले की आज तू माझ्याबरोबर येतेस, आता मी ऐकणार नाही. ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "बॅग भरलेली आहे. पण आधी तू एकदा बघून सांग. तुझंच काम आहे ते, मला त्यातलं कळत नाही. काही येत नाही म्हणालीस, तर कुलूप लावू आणि निघू."

"आणि येत असेल तर?"

"मग मी जाऊन कसं चालेल?" ती म्हणाली.

यात अवघड काही नव्हतं. तीन शब्द म्हणायचे होते, जे मी लहानपणापासून म्हणत आले होते. मी बाटलीत ताजं पाणी घातलं, खोलीला कुलूप लावलं, किल्ली मुठीत घेतली. लख्ख दुपार होती. आईची बॅग पुढच्या दाराशी उभी होती, तिच्यावर घडी घातलेला स्वेटर. आम्ही दोघी वळसा घालून शेडमध्ये गेलो.

नळी खिळ्यावर होती. तिचं टोक कोरडं होतं. मी तरीही रुमालाने पुसलं.

गालाला लावलं.

काही नव्हतं. गार रबर, बस्स. आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, लहान मूल डॉक्टरांकडे बघतं तशी. मला एकदम हलकं वाटलं. तिची खुर्ची, खिडकी, मी लावलेल्या चादरी, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी तोंड उघडलं.

भिंतीपलीकडे गोळी टिक करून बसली.

मग पुन्हा उचलली गेली. ती उलट दाबाला कधीच उचलली जात नसे.

गालाला आधी दमटपणा लागला. मग ऊब. मग थांबली, आणि पुन्हा आली. मोजून सोडलेली. काच फुगावी पण फुटू नये, अशी.

मग वास. खोकल्याची गोळी, आणि तिच्याखाली ते.

नळीतून काहीतरी सरकत आलं, गालावर पसरलं, आणि ओठाच्या कडेपर्यंत ओघळलं. मी नळी हलवली नाही.

"काय गं?" आईने विचारलं.

बॅग भरलेली होती. शब्द तीनच होते.

आत, कुलूपबंद खोलीत, या वेळी मी काही म्हणायच्या आधीच काड्यापेटी खुळखुळली. एकदा. मग काहीच आवाज आला नाही. बाबा माझ्या उत्तरासाठी थांबले की तिथे नेहमी असायची, तशी शांतता.

मी गाल पुसला नाही. भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून तोंड तिकडे केलं.

"येतंय, बाबा," मी म्हणाले.