जंतूंची वंशावळ

जळगावच्या त्या बाल रुग्णालयात परिचारिकेच्या टेबलावर मिक्सरएवढं एक यंत्र असे. त्याला सगळे वंशदर्शक म्हणत. एखाद्या जंतूची जनुकं वाचून तो कुठल्या जंतूचा वंशज आहे, कुणाच्या शरीरातून कुणाकडे गेला, हे ते तासाभरात सांगे. त्यासाठी जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या आतड्यातल्या जंतूंचा नमुना जपून ठेवत. लोकांना आता त्याचं काही वाटत नसे; रक्तगट तपासावा, तसंच ते झालं होतं.

सानिका बेंडाळेच्या बाळाने बारशानंतर दूध प्यायचं सोडलं आणि त्याचं अंग तापलं. रक्तात जंतू सापडले, पण नेहमीची प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक्स, त्यांच्यावर चालेनात. डॉ. शबाना तडवींनी शेवटी एक जुनं, कडक औषध सुरू केलं. त्याने जीव वाचेल, पण कानांना धोका आहे, हे त्यांनी आईवडिलांना आधीच सांगितलं. दुसरा मार्ग नव्हता.

मग त्यांनी घरातल्या सगळ्यांचे नमुने मागवले. यंत्राने बोट दाखवलं ते आजीकडे. बाळाला रोज न्हाऊमाखू घालणाऱ्या रजनीबाईंच्या पोटातूनच तो जंतू आला होता.

"आई, तू हात नीट धुवायला हवे होतेस," प्रणव, त्यांचा मुलगा, एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून रजनीबाई बाळापाशी जाईनात. बाहेरच्या बाकावर बसून राहत. ते पाहून डॉ. तडवींनी त्यांना आत बोलावलं आणि वंशावळीचा वरचा भाग दाखवला. पावसाळ्याआधी रजनीबाईंचं पित्ताशय काढलं होतं. दाखल होतानाच्या नमुन्यात हाच जंतू होता, पण साध्या औषधानेही मरणारा. टाके दाखवायला त्या गेल्या, तेव्हाच्या नमुन्यात तो निर्ढावलेला होता. मधल्या काळात त्यांनी आठवडाभर भारी प्रतिजैविकं घेतली होती. दुबळे जंतू मेले, तग धरणारे उरले आणि त्यांचाच वंश वाढला.

"तुम्हाला फक्त खडे होते. सूज नाही, पू नाही," डॉ. तडवी म्हणाल्या. "दुर्बिणीतून झालेली साधी शस्त्रक्रिया. नंतर एकाही गोळीची गरज नव्हती."

रजनीबाईंना आठवलं, गोळ्यांनी पोट बिघडलं तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. झोपेंना फोन करून विचारलं होतं. कोर्स अर्धवट सोडू नका, असं त्यांनी दटावलं होतं.

बाळाचा ताप उतरला. घरी सोडण्यापूर्वी त्याचे कान तपासले, ते दोन्ही गेले होते. घरी परतताना रजनीबाईंनी सुनेला विचारून बाळाला उचललं आणि वाटेत रिक्षा डॉ. झोपेंच्या दवाखान्याशी थांबवली. दोघी आत गेल्या.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आपण या गोळ्या सगळ्यांनाच देतो, असं ते म्हणाले. एखाद्याची जखम चिघळली की नातेवाईक दवाखाना फोडायला येतात. गोळी जास्त दिली म्हणून आजवर कुणी आलेलं नाही. मग म्हणाले, "पुस्तकात त्यांची गरज सांगितलेली नाही, हे मलाही ठाऊक आहे."

"म्हणजे भीती तुमची होती, आणि गोळ्या मी खाल्ल्या," रजनीबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाने मला हात धुवायला सांगितलं, डॉक्टर. तुम्हाला कुणी काहीच सांगितलं नाही."

डॉक्टर यंत्राच्या अचूकतेबद्दल काही बोलू लागले. दार उघडंच होतं. बाहेर रांगेत बसलेली, पोटाला पट्टी बांधलेली माणसं हातातल्या गोळ्यांच्या पिशव्यांकडे पाहत होती.

रजनीबाईंनी बाळाला डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवलं. ते जागं होतं, पंख्याकडे बघत होतं.

"याचं नाव विहंग ठेवलंय," त्या म्हणाल्या. "हाक मारणारी आम्ही घरात पुष्कळ माणसं आहोत. ती हाक याला ऐकू कशी जाणार, तेवढं सांगा."