न निवडलेला चेहरा

तो चुकीच्या मजल्यावर उतरला, एवढंच. नशीब-बिशीब काही नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मानसशास्त्र, चौथ्यावर तत्त्वज्ञान. दोन्हीकडे डावीकडची दुसरी खोली, दोन्हीकडे तसलंच करडं दार. पुस्तकात मान घालून तो आत आला, खुर्ची ओढून बसला, आणि मग कुठे वर बघितलं.

"माझं कपाट कुठे गेलं?"

"वरच्या मजल्यावर," मी म्हटलं. "तुम्ही खाली राहिलात."

लाजला. कान लाल होईपर्यंत लाजला. त्या दिवशी ज्या बाईंना प्रयोगासाठी बोलावलं होतं त्या पावसामुळे आल्याच नव्हत्या, म्हणून मी त्याला म्हटलं, बसलाच आहात तर बसा, मनाच्या अभ्यासाचं काम आहे. तो हसला. म्हणाला, मनाचा अभ्यास तर आमचे लोक हजारो वर्षं करतायत.

"सापडलं का काही?"

"नाही."

"मग बसा गप्प."

तो बसला.

माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी मला पदवी बघून घेतलं नाही, हात बघून घेतलं. माझा मामा जादूचे खेळ करायचा, त्याच्याकडून मी पत्ते पळवायला शिकले. आमच्या टेबलावर काळं कापड असतं आणि फोटोंच्या पाठीही काळ्याच. मी दोन अनोळखी बायकांचे फोटो दाखवते. समोरच्याने जास्त आवडलेल्या चेहऱ्याकडे बोट दाखवायचं. मी फोटो पालथे करून निवडलेला त्याच्याकडे सरकवते आणि विचारते, हाच का आवडला? बहुतेक वेळा सरळ व्यवहार. पण मध्येच एकदा मी अदलाबदल करते. त्याने नाकारलेला चेहरा त्याच्याच हातात देते.

आणि कळत नाही हो! वकील येतात, डॉक्टर येतात, दहा माणसांवर हुकूम चालवणारे येतात. बहुतेकांना पत्ता लागत नाही. नाकारलेल्या चेहऱ्याकडे बघून, न अडखळता, तोच का आवडला याची कारणं सांगतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा जेवण गेलं नाही. ही माणसं लबाड नव्हती. त्यांना स्वतःच्या आतलं दिसतच नव्हतं. आणि दिसत नाही हेही दिसत नव्हतं.

त्याने निवडली कानात डूल घातलेली, गालाला खळी पडलेली, छान हसरी बाई. मी त्याच्या हातात दिली दुसरी. आखूड केसांची, सरळ भुवयांची, ओठ मिटलेली. खरं बोलायचं तर बरीचशी माझ्यासारखी.

तो थांबला. मला वाटलं, पकडलं याने. पण तो फोटोकडे बघत सावकाश म्हणाला, "ही कोणाला खूश करायला बसलेली नाही... हिच्यासमोर खोटं बोलायची भीती वाटेल. म्हणून ही."

माझी आई माझा चेहरा बघून म्हणते, जरा सैल सोड, घरात कोणी गेलंय का. मावशी म्हणते, हिला फोटोत घेऊ नका, बाकीचे घाबरल्यासारखे दिसतात. आयुष्यभर हेच ऐकलेली मी, आणि हा कोण कुठला मजला चुकलेला माणूस...

एरवी प्रयोग संपला की लगेच खरं सांगायचं असतं. पण या खेपेला मॅडमना आणखी एक गोष्ट तपासायची होती. महिना-दीड महिन्याने तेच लोक परत बोलवायचे, तेच फोटो परत दाखवायचे. निवड बदलते का ते बघायचं, आणि मगच सांगायचं. तोवर माझ्या तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिसऱ्या मजल्यावर उतरला. त्याच्या पुढच्या दिवशीही. कॉफीचं मशीन आमच्याच मजल्यावर आहे, असं म्हणाला. वरही आहे, मी म्हटलं. वरची कॉफी विचार करायला लावते, तो म्हणाला. त्याला विद्यार्थी 'काबरं' म्हणायचे, कारण कुणी काहीही सांगितलं की हा विचारणार, "का बरं?" मीही तेच म्हणायला लागले. पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते नेमकं कधी ते दोघांनाही कळलं नाही.

आम्ही भांडायचो. खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत असायचा आणि आम्ही मशीनपाशी उभं राहून मनावरून भांडायचो. त्याचं म्हणणं, माणूस कारणांवर जगतो. कारण देता येतं म्हणून तर तो दगड नाही. माझं म्हणणं, कारण म्हणजे घटना घडून गेल्यावर पोचणारा पोलीस. तो चिडायचा, मग माझ्याकडे बघत राहायचा... आणि बघताना मुद्दा विसरायचा. एवढं बघणं मला सवयीचं नव्हतं. मी कप उगाच ढवळायचे, त्यात साखर नसली तरी.

एकदा कप घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर राहिली. तो म्हणाला, "दुसरी फेरी झाली की तुला एक सांगायचंय. आधी सांगितलं तर तुमचा प्रयोग बिघडेल."

प्रयोग! त्या रात्री मला झोप नाही. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती आणि त्याला नव्हती. असली अदलाबदल झाली की काही माणसांची आवडच नंतर त्या बाजूला झुकते. तोंडाने सांगितलेलं कारण मन खरं करून टाकतं. म्हणजे त्याची ही नजर... मीच टेबलावरून सरकवलेली?

मी मॅडमना म्हटलं, त्याला प्रयोगातून वगळा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि कारण विचारलं. मला सांगता येईना. "अगं, कारण नसताना एकाला वगळलं तर उद्या तुला सगळेच वगळावेसे वाटतील," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पायाखालची जमीन माझी सरकत होती, त्यांची नाही.

दुसरी फेरी झाली. या वेळी हातचलाखी नाही, सगळं सरळ. तो फोटो आला तेव्हा मी मनात हात जोडले. डुलांकडे बोट दाखव रे बाबा. खळी निवड. त्याने क्षणभरही न थांबता आखूड केसांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसला.

मी त्याला खरं सांगितलं. नियम होता म्हणून नाही. हिच्यासमोर खोटं बोलायची भीती वाटेल, असं ज्या चेहऱ्याबद्दल तो म्हणाला होता, तसला चेहरा घेऊन मी खोटं बोलत बसू शकत नव्हते म्हणून.

त्याने विश्वास ठेवला नाही. छताला कॅमेरा असतो. मी चित्रण दाखवलं. पडद्यावर त्याचंच बोट डुलांकडे गेलं आणि त्याच्याच तोंडून दुसरीची कारणं आली. त्याने ते परत लावायला सांगितलं. परत. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. घरात कोणी परका माणूस कित्येक वर्षं राहतोय हे अचानक कळावं, तसा तो पडद्याकडे बघत होता.

"मग मी तुझ्याबद्दल जे..." एवढंच म्हणाला, आणि उठून गेला.

मशीनपाशी तो दिसेना. दोन आठवडे मी एकटीने ती भिकार कॉफी प्यायले. मग माझं डोकं फिरलं. मी चौथ्या मजल्यावर गेले. तासाआधीचा रिकामा वर्ग, फळ्यासमोर हा, हातात खडू आणि फळा कोरा.

तो म्हणाला, मी सगळं तपासून बघितलं. तुझ्याबद्दलचं एकेक कारण काढून टाकलं, सगळीच संशयास्पद होती. "एकही उरलं नाही. आणि तरी मला तूच हवी आहेस. कारणाशिवाय."

तुम्हाला हे गोड वाटलं असेल. मला संताप आला.

"कारणाशिवाय? मी काय सर्दी आहे का, झाली म्हणून झाली? मला नकोय असलं प्रेम. मला माणूस म्हणून बघितलेलं हवंय."

त्याने खडू खाली ठेवला. मग हळूच, वाद घालायला नाही, खरंच जाणून घ्यायला म्हणून विचारल्यासारखं, "तुला मी का आवडलो?"

मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, पहिल्या दिवसापासून तयार होतं... ते एक वाक्य. कोणाला खूश करायला बसलेली नाही. त्या वाक्याने मी त्याची झाले होते.

आणि तेव्हा लक्षात आलं. ते वाक्य त्याचं नव्हतंच. माझ्या हातांनी त्याला चुकीचा फोटो दिला म्हणून ते जन्माला आलं. मी फसवलं, त्याने नकळत बनवलं, आणि त्यावर मीच भाळले. इतके दिवस मी त्याच्या मनाखाली भोक शोधत होते, आणि माझं सगळं घर त्याच भोकावर बांधलेलं!

सांगून टाकलं त्याला. लपवायला जागाच उरली नव्हती. तो बाकावर बसला. मीही बसले. मुलं नापास झाल्यावर बसतात तसे आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. पाऊस थांबला होता, वर्गात ओल्या खडूचा वास होता.

"म्हणजे दोघांकडेही काही नाही," तो म्हणाला.

"काही नाही."

"जातेस?"

मी उठायला हवं होतं. पाय उठले नाहीत. का नाही उठले हे मला आजही सांगता येणार नाही, आणि सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. मी त्याच्या खडूने माखलेल्या हातावर हात ठेवला.

"नाही जात. मला हवा आहेस तू."

दार ढकलून विद्यार्थी आत आले. पुढचे थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले, आणि मग सगळा वर्ग चिडीचूप. तो त्यांना म्हणाला, बसा. त्याने हात काढून घेतला नाही. मीही नाही. सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि मी तो तसाच राहू दिला.