चौकीदार आणि शेजाऱ्याची हाक

एक वाट तुटली होती, हे खरे. पण दुसरी धडधाकट असताना संदेश पोहोचत का नव्हता? चंद्रावरच्या आमच्या वस्तीत त्या सकाळी हेच कोडे मला पडले होते.

नियंत्रण घुमटातून शेती घुमटाकडे जाणारी तार उल्केच्या एका तुकड्याने तोडली होती. तिकडे माझ्या सुनेने, नंदिनीने, दोन वर्षे जपलेली चंद्रावरची पहिली ज्वारी हुरड्यात आली होती. तिथल्या हीटरला आदेश आमच्याकडून जायचे. चाळीस मिनिटांत ते गेले नाहीत, तर सगळे पीक गारठून मरणार होते.

"कारखाना घुमटाकडून वळसा घालून पाठवा ना, आजोबा!" माझी अकरा वर्षांची नात केतकी म्हणाली. आईच्या ज्वारीच्या काळजीने तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"तेच करतोय गं. पण आपला चौकीदार ऐकेल तर शपथ!"

चौकीदार म्हणजे आमची फायरवॉल (नको ते संदेश दारातच अडवणारे यंत्र). पूर्वी त्यातल्या वाटा मी हाताने लिहायचो. कालच त्यात डायनॅमिक राउटिंग (यंत्रांनी एकमेकांना विचारून वाट ठरवणे) सुरू केले होते. शेजारशेजारची यंत्रे दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक मारतात आणि ओळख पटली की आपल्याला ठाऊक असलेल्या वाटा सांगतात. मग एक वाट तुटली, तरी यंत्र आपणहून दुसरी धरते. तरी पडद्यावर शेजाऱ्यांची यादी रिकामीच!

"म्हणजे आपल्या आणि शेजारच्या कल्याणीकाकूंच्या वाटीसारखं," केतकी म्हणाली. "त्या भाजी देतात, आपणही वाटी रिकामी परत देत नाही."

"अगदी तसंच."

"पण परवा काकू वाटी घेऊन आल्या, तेव्हा कोण आहे ते न बघताच तुम्ही आतून ओरडलात, 'घरी कोणी नाही!' चौकीदारानंही तसंच केलं नसेल?"

मी नियम उघडले. पहिल्याच ओळीत माझा हुकूम होता: चौकीदाराशी कोणी बोलू लागले, तर अडवा. शेजाऱ्याची हाक मीच परत पाठवत होतो! स्वतःचेच कान धरावेसे वाटले.

"मग सगळ्यांनाच आत सोडू?" मी मुद्दाम विचारले.

"छे! फक्त कारखान्याच्या बाजूची हाक. तीही खुणेचा शब्द जुळला तरच. नाहीतर कोणीही येऊन खोटी वाट सांगेल."

खुणेचा शब्द दोन्ही यंत्रांत मी आधीच भरला होता. नियम तिनेच लिहिला. केतकीने मोठ्याने दहा सेकंद मोजले. यादीत 'कारखाना' उमटले आणि पाठोपाठ शेतीची वाट आली. नऊ मिनिटे उरली असताना नंदिनीचा आवाज आला, "हीटर लागले! ज्वारी वाचली!"

केतकीने टुणकन उडी मारली, ती चंद्रावर जितकी उंच जाते तितकी. खाली येता येताच तिने विचारले, "मंगळाची वस्ती जोडली, की तीही आपली शेजारी होईल?"

"होईल की. तिथला चौकीदार तूच नीट लाव."

पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: बदल कोणी केला? बारा वर्षे तिथे मी माझेच नाव लिहीत आलो होतो. त्या दिवशी मी लिहिले: केतकी.