खाटेखाली लपलेले स्वामी

लंडनजवळच्या वॉटफर्ड स्टेशनबाहेर पाऊस तिरका येत होता. वाऱ्याने उलटी झालेली छत्री सावरत एक तरुण फोनवर मराठीत कुणालातरी भक्तमंडळाच्या हॉलचा पत्ता विचारत होता. आसावरी तिकडेच निघाली होती. तिने गाडीची काच खाली केली.

"बसा. मीही तिथेच चाललेय."

वाटेत तिनेच सगळं सांगून टाकलं. मंडळाचे गुरू निरंजनस्वामी यांच्या बालपणावर टीव्ही मालिका येतेय... सरहद्दीवरच्या खेड्यात गेलेलं बालपण. पहिला भाग आज भक्तमंडळाला दाखवणार होते. त्यात तोफा सुरू होताच लहानगे स्वामी खाटेखाली लपतात आणि मित्र बाहेरच राहतो. पटकथेत हे वाचून मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे तिचे बाबा पद्माकरराव, संतापले होते. ती तिनेही चोरून वाचली होती.

"मग तुम्हाला काय वाटलं?" त्याने विचारलं.

"मला... तो घाबरलेला मुलगाच आवडला."

तो तिच्याकडे वळला. "तो प्रसंग मी लिहिलाय. मी परीक्षित."

राउंडअबाउटच्या गोल चौकात तिचा बाहेर पडायचा रस्ता चुकला. गाडीची आणखी एक फेरी झाली. दोघंही हसले, पण हॉल दिसला तशी त्याची बोटं सीटबेल्टवर घट्ट झाली.

आत पद्माकररावांनी सरळ सांगितलं, प्रसंग काढा, नाहीतर मंडळ चॅनलकडे तक्रार करेल. परीक्षितची ही पहिलीच मालिका होती.

"नाही काढणार," तो म्हणाला.

खुर्च्या सरकल्या. लोक उठू लागले. चारचौघांत आसावरी बाबांना कधी उलट बोलली नव्हती. ती दारापाशी गेली... आणि तिने दिवे मालवले.

"बाबा, एकदा बघा. नाही पटलं, तर मीही तुमच्याबरोबर बाहेर पडेन."

अंधारात बाबा क्षणभर उभेच होते. मग बसले.

पडद्यावर तोफा थंडावल्या. मुलगा रडत खाटेखालून निघाला, शेतात गेला आणि जखमी मित्राला पाठीवर घेऊन परतला. दिवे लागले तेव्हा बाबा चष्मा पुसत होते. राहू दे तो प्रसंग, एवढंच ते म्हणाले.

पार्किंगमध्ये परीक्षित तिच्या गाडीपाशी रेंगाळला.

"मी तिकडे दूर, मिल्टन कीन्सला राहतो. तुमच्या वॉटफर्डला परत यायला आता काही कारणच उरलं नाही..."

आसावरीने ओले केस कानामागे सारले.

"मग विनाकारण ये."