आईंच्या रुखवतातला डबा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पुढे स्क्रोल करा, मला कुणाची सहानुभूती नकोय.

मी लिहितेय कारण आत्ता संध्याकाळ होत आलीय. सुजीत हॉलमध्ये गादी घालतोय. आणि मला तिकडे बघवत नाही...

शारजा. रोल्लाच्या मागच्या गल्लीतली जुनी बिल्डिंग, त्यात आमचा वन बेडरूम. मी आभा, नवरा सुजीत आणि मुलगी ईश्वरी. मागच्या ऑगस्टपासून हे सुरू झालं.

माझ्या सासूबाई, प्रमिलाबाई, व्हिजिट व्हिसावर सांगलीहून आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. सासरे गेल्यापासून सांगलीच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या. आल्या त्याच दिवशी स्वयंपाकघरात त्यांनी मला हळूच विचारलं,

"आभा, मी इथेच राहिले तर चालेल का गं? हॉलमध्ये झोपेन. कुणाच्या अध्यातमध्यात येणार नाही."

मी हो म्हटलं. रात्री सुजीतला सांगितलं, तर तो नाही म्हणाला. तोंडावर नाही, एवढी हिंमत कुठली! त्याने इटलीची तिकिटं काढली.

"आईला एकदा मस्त फिरवून आणू, मग सांगलीला पाठवू. तिलाही बरं वाटेल."

लोक पाप धुवायला काशीला जातात. आमचे हे आईला घेऊन इटलीला निघाले.

जागा सुंदर होती, खोटं कशाला बोलू. शेतातलं दगडी घर, चहूकडे ऑलिव्हची झाडं. सकाळी सायकली, दुपारी ईश्वरी पूलमध्ये. मालकीणबाई हाताने पास्ता वळायला शिकवायच्या. त्यात आई सगळ्यांच्या पुढे.

"अगं, हे तर आपले गव्हले! आम्ही उन्हाळ्यात पाट्याच्या पाट्या वळायचो."

इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढे काय ठरलंय ते त्यांना अजून माहीत नव्हतं.

संध्याकाळी गाडी काढून डोंगरावरची गावं बघायची. अशाच एका गावात आम्ही गेलो. निम्म्या घरांना कुलपं. पोरं कामासाठी बाहेर गेलेली, म्हातारी माणसं मागे राहिलेली.

आई आणि ईश्वरी एका अरुंद बोळात शिरल्या. सुजीत चर्चचे फोटो काढत बसला. बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या.

आईंच्या हातातला डबा नव्हता.

हा डबा म्हणजे त्यांच्या रुखवतातला. स्टीलचा, झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं 'सौ. प्रमिला'. बेसनाचे लाडू घालून सगळीकडे सोबत न्यायच्या.

"डबा कुठाय?" मी विचारलं.

"एका आजींना दिला गं. दारात बसल्या होत्या, काळ्या कपड्यात. मुलं परदेशात आहेत म्हणाल्या. कुणी येत नाही."

"कुठल्या भाषेत म्हणाल्या?"

आई थांबल्या. विचारात पडल्या...

"अगं, हो की. पण मला सगळं कळलं."

ईश्वरी माझा हात धरून म्हणाली, "ममा, शी वॉज वेटिंग फॉर आजी."

दुसऱ्या दिवशी डबा आणायला आम्ही सगळे गेलो. तोच बोळ. तेच दार, ईश्वरीने बोट दाखवलं.

दाराला साखळी. साखळीला गंज. उंबऱ्यातून गुडघाभर गवत आलेलं.

मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्या बोळात बरीच वर्षं कुणी राहत नाही. शेवटची एक म्हातारी होती. मुलं लांब. ती गेली ते लोकांना खूप दिवसांनी कळलं.

मी ईश्वरीला जवळ ओढून घेतलं. आई मात्र शांत होत्या.

"येईल डबा," त्या म्हणाल्या. "मी भरून दिलाय. भरून दिलेलं भांडं कुणी रिकामं परत करत नाही."

शारजाला परतलो. एका संध्याकाळी मगरिबची अजान चालू होती. मी देवापाशी दिवा लावत होते.

टक... टक... टक...

आमच्याकडे सगळे बेल दाबतात. दार कुणी ठोठावत नाही.

उघडलं. कॉरिडॉर रिकामा. पायपुसण्यावर डबा होता...

'सौ. प्रमिला'.

आत हिरव्या पानावर अंजिरं. देठांना अजून पांढरा चीक लागलेला. जणू आत्ताच झाडावरून तोडलेली.

समोरच्या दारात अन्वरी राहते, रत्नागिरीची. आमच्या वाट्या-ताटल्या सारख्या इकडून तिकडे फिरत असतात. मी धावत जाऊन विचारलं.

"मी नाय गो पाठवला," ती म्हणाली. "आणि एवढी ताजी अंजिरं या उन्हात कुठून आणू?"

सुजीत म्हणाला, "डबा बॅगेतच राहिला असेल."

"आणि अंजिरं? ती काय बॅगेत पिकली?"

आईंनी एक अंजीर उचललं, डोळे मिटून खाल्लं. डबा घासला, शंकरपाळ्यांनी भरला आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दाराबाहेर ठेवला.

थोड्या वेळाने तो तिथे नव्हता.

मग हे चालूच राहिलं. डबा जायचा, डबा यायचा. कधी ऑलिव्ह, कधी द्राक्षं, कधी कडक पाव. आणि त्याआधी कॉरिडॉरमध्ये आवाज. लाकडी तळाच्या चपलांचा, सावकाश...

खट... खट... खट...

एक दिवस अन्वरी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आभा, तुमच्याकडं रोज कोण म्हातारी येतंय गो? पावलं ऐकू येतात, माणूस दिसत नाय. मी तर दुवा पढत बसते."

आई मात्र खुलल्या होत्या. पहाटे उठून चकल्या काय, करंज्या काय! मी म्हटलं, "आई, मला भीती वाटते हो." त्या सुजीतकडे बघत म्हणाल्या, "कुणीतरी माझ्या डब्याची वाट बघतंय, आभा. किती वर्षांनी बघतंय."

सुजीतचा चेहरा पडला. पण त्यातून त्याने काय शिकावं? त्याने आईंचं तिकीट अलीकडे ओढलं.

"खलास. हे सगळं तिच्यामुळे होतंय. ती गेली की थांबेल."

मी भांडले. रडले. आमच्या घरात माझं कोण ऐकतंय?

एअरपोर्टवर आईंच्या पिशवीत तो डबा होता. आत शिरताना त्या लेकाला म्हणाल्या, "रिकामाच नेतेय रे."

सुजीत फोनवर होता. त्याने हात हलवला.

त्यानंतर कॉरिडॉर शांत झाला. सुजीत म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

दिवाळीच्या तोंडावर सांगलीहून शेजाऱ्यांचा फोन आला. आई दार उघडत नव्हत्या. दार फोडावं लागलं...

खुर्चीत बसल्या-बसल्याच गेल्या होत्या. कधी गेल्या, कुणालाच नक्की सांगता आलं नाही. समोर टेबलावर चहाचे दोन कप. दोन्ही प्यायलेले.

आम्ही सांगलीला पोचलो, तेव्हा शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तुम्ही सोबतीला बाई ठेवली होती ना? रोज संध्याकाळी गप्पा ऐकू यायच्या. प्रमिलाताई खूप हसायच्या."

आम्ही कुणालाही ठेवलं नव्हतं.

सुजीतने घर पालथं घातलं. माळा, पलंगाखाली, फ्रिजच्या मागे. डबा मिळाला नाही.

दिवसकार्य उरकून शारजाला आलो, ती संध्याकाळ. बॅगा अजून उघडल्या नव्हत्या. अजान सुरू झाली.

खट... खट... खट...

आणि त्या आवाजाच्या बरोबरीने दुसरा आवाज. रबरी स्लिपरचा.

फट्... फट्... फट्...

उजवा पाय किंचित ओढत. आई तशाच चालायच्या.

सुजीतने दार उघडलं. कुणी नाही. पायपुसण्यावर डबा. आत बेसनाचे लाडू, प्रत्येकावर एक मनुका. कोमट.

तो उंबऱ्यातच बसला आणि एकामागून एक लाडू खात रडत राहिला. आई होत्या तेव्हा 'शुगर वाढते' म्हणून हात लावायचा नाही. मला त्याची दया आली नाही. खरं तेच सांगते.

आता डबा आमच्याकडे रिकामा. तो रिकामा परत द्यायचा नाही, हे तर ठरलेलंच. मी शंकरपाळ्या केल्या, दाराबाहेर ठेवल्या. सकाळी तशाच. शिरा ठेवला. तसाच. पावलं रोज यायची, दाराशी थांबायची. डब्याला कुणी हात लावत नव्हतं...

शेवटी ईश्वरी बोलली. होमवर्क करता करता, मान वर न करता.

"बाबा, आजी डझन्ट वॉन्ट फूड. शी वॉन्ट्स टू स्लीप इन द हॉल."

आईंनी माझ्याकडे काय मागितलं होतं ते ईश्वरीला माहीत नव्हतं. त्या वेळी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

सुजीतने त्या संध्याकाळी हॉलमध्ये गादी घातली. नवी चादर, उशी, उशाशी पाण्याचा तांब्या. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! मग जाऊन दार उघडलं.

दाराबाहेरचा डबा गेला होता.

सकाळी चादर चुरगळलेली होती. तांब्या रिकामा.

तेव्हापासून रोज हेच. आम्ही बेडरूमचं दार लावून घेतो. बाहेरून कुजबुज येते, मध्येच हसू. आईंना आता व्हिसा लागत नाही. कुणाची परवानगीही लागत नाही.

आता अजान सुरू झालीय. सुजीत उशी नीट करतोय. ईश्वरी बेडरूममधून स्वतःची उशी घेऊन आली आणि आजीच्या उशीशेजारी ठेवली.

"टू पिलोज, बाबा. द अदर आजी ऑल्सो हॅज नो वन."

सुजीतने गादीला लागून आणखी एक गादी घातली.

टक... टक... टक...

तो दार उघडायला गेलाय.