मोगऱ्याखालचा टाक

माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. आमच्या कारखान्यातल्या वीरभद्रप्पा अण्णांनी सांगितलं तसं लिहितोय.

परवा रात्री लाईट गेली आणि आमचे माग थांबले. आम्ही पोरं कारखान्याच्या पायरीवर बसलो. अण्णा तंबाखू मळत म्हणाले, "माझा मेव्हणा सिद्धाराम साप पकडतो, ठाऊक हाय न्हवं? गेल्या साली नागपंचमीच्या रात्री त्याला जुळे सोलापुरातनं जोतीरामचा फोन आला. परसात घोणस निघालीय म्हणून. हा बरणी आन् काठी घेऊन गेला. नेहमीचंच काम.

"जोतीरामची ही दुसरी बायको, रेश्मा. पहिली सिद्धेश्वरी, बाळंतपणात गेली. सासूनं लग्नातच रेश्माच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक, तिची मूर्त उठवलेला चांदीचा पत्रा, बांधला, लाल दोऱ्यात. घरात नवं काय आलं की आधी टाकाला लावायचं, मग हिनं वापरायचं. पंचमीला जोतीरामनं हिरवी साडी आणली आन् म्हणाला, 'आधी तिला दाखव.'"

"पेटली असंल की!" आमच्यातला सोमशेखर हसला.

"पेटलीच. 'मेलेलीनं नेसायची, आन् मी तिची उतरलेली नेसू व्हय?' नवरा कामावर गेल्यावर तिनं दोरा ब्लेडनं कापला. परसात सिद्धेश्वरीनं लावलेला मोगरा हाय. त्याच्या बुडाशी टाक पुरला. पंचमीला आपण जमीन खणत न्हाय, पर तिला कुटलं भान? आता ह्या घरात मी एकटीच, म्हणून साडी नेसली.

"घोणस त्याच मोगऱ्याखाली बसलेली. कुकरच्या शिट्टीगत फुसकारत हुती. सिद्धारामनं धरली, बरणीत घातली, झाकण घट्ट लावलं. गेटापतूर आला... तर मागं परत शिट्टी."

"दुसरी निघाली?"

"टॉर्च मारला. काय न्हाय. आवाज मात्र... खालनं. मातीतनं."

अण्णांनी तंबाखूची चिमूट दाढेत धरली.

"सिद्धारामनं इचारलं, 'वहिनी, हितं काय हाय?' रेश्मा दारात उभी. हिरव्या साडीत. रडाय लागली. सगळं सांगितलं. ह्यानं काठीनं उकरलं. खड्डा रिकामा. टाक न्हाय, दोरा न्हाय. आवाज थांबला.

"बरणी रातभर त्याच्या उशाशी. उजाडल्यावर माळावर सोडाय गेला. झाकण घट्टच. उघडलं... साप न्हाय. तळाला टाक. आन् दोरा... अख्खा. काप न्हाय. गाठ न्हाय."

"अण्णा, तुमचा मेव्हणा पिऊन गेला हुता का त्या रात्री?" सोमशेखर म्हणाला. पण हसला नाही.

"मग रेश्मानं घेतला परत?" मी हळूच विचारलं.

अण्णांनी तंबाखू थुंकली. "सिद्धाराम द्याय गेला. तिनं हात पुढं केला न्हाय. मान पुढं केली."

माझी आईसुद्धा दुसरेपणाची. तिच्या गळ्यातला टाक लहानपणापासून बघतोय, पण कुणाचा म्हणून कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोगऱ्याचे दोन गजरे आणले.

"दुसरा कुणाला रं?" आई म्हणाली.

मी नुसतं तिच्या गळ्याकडं बघितलं.

आईनं दोन्ही गजरे शेजारी धरले, आणि कुठला लांब आहे ते बघितलं. लांब होता तो आधी टाकाला लावला.