परराज्यातलं कुत्रं

अंजनीनं नेम धरला होता कुत्र्यावर. लागला तो माणसाला!

त्याचं असं झालं, संस्थानांच्या काळातली गोष्ट, आषाढाची झड लागली होती. शहापूरच्या मागवाल्यांच्या गल्लीत त्या दिवसांत कुणाचंही डोकं ठिकाणावर नसतं. बाहेर उभ्या सुताचा ताणा पसरता येत नाही, खळ लावलेलं सूत वाळत नाही. दोनातला एक माग बंद पडलेला, दुसऱ्यावर अंजनीचे आप्पा, सुबराव, कुरकुरत विणत बसलेले. अंजनी उंबऱ्यात कांड्यांवर सूत भरत होती. तेवढ्यात परसात कोंबड्यांनी एकच कालवा केला. ती उठली, आप्पांच्या शेजारी ठेवलेला जादा धोटा, ताण्यातून आडवं सूत नेणारा तो टोकदार लाकडी ठोकळा, हाती लागला तो उचलला आणि धावली.

एक कबरं कुत्रं परसाच्या गडग्यावर, रचलेल्या दगडांच्या कुंपणावर चढून कोंबड्यांवर झेप घ्यायच्या बेतात होतं. अंजनीनं धोटा भिरकावला. कुत्र्यानं मान खाली घातली, आणि गडग्यापलीकडून आवाज आला, "आई गं!"

मग एक डोकं वर आलं. भिजलेले केस, कपाळावर टेंगूळ, आणि टेंगळावर धरलेला हात... कोपरापर्यंत निळा!

"हे काय झालं हाताला?" अंजनी घाबरून म्हणाली.

"हात आईच्या पोटातनं असा न्हाय आलेला. रंगारी हाय मी, सूत रंगवतो. तू कपाळाचं इचार की."

"कुत्रं तुमचं?"

"भाकरी घालतो म्हणून मागनं फिरतंय. कबऱ्या म्हणतो मी त्याला. आणखी दोघं हाईत."

"बांधून घाला! न्हायतर तक्रार करीन मी."

"कुणाकडं?" त्यानं धोटा उचलून पदरी पाडून घेतल्यासारखा खिशात घातला. "गडग्याच्या अलीकडं तुमचं शहापूर, सांगलीकरांचं राज्य. पलीकडं आमचं वडगाव, कुरुंदवाडकरांचं. परराज्यातलं कुत्रं हाय हे, बाई! तुझ्या फौजदारानं त्याला धरलं तर दोन दरबारांत लढाई जुंपायची."

अंजनीला राग आला होता, खरंच आला होता. पण त्या रागात मध्येच हसू कुठून घुसलं कोण जाणे. ती तोंड फिरवून घरात गेली. आणि धोटा? तो गेला की परराज्यात!

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र नव्हती. त्या कोंबड्या अंजनीच्या जिवाचा तुकडा होत्या. आक्का लग्न होऊन कडोलीला गेली तेव्हा तिनं पिल्लांचं डालगं धाकटीच्या हातात दिलं होतं. "मी नसले तरी तुला ह्यांची सोबत," असं म्हणून रडली होती. त्यातली कपाळावर पांढरा ठिपका असलेली टिकली अंजनीची लाडकी. अंजनीनं अंगणात पाय ठेवला की ती पायात पायात घोटाळायची. पण त्याआधीच कुत्र्यांनी दोन कोंबड्या नेल्या होत्या, आणि आप्पांनी सांगून टाकलं होतं, "आता आणखी एक जरी गेली, तरी उरलेल्या सगळ्या मंगाईच्या जत्रेला देवीला. कुत्र्याच्या पोटात जाण्यापरीस ते बरं." आप्पा एकदा बोलले की संपलं. जत्रा जवळ आली होती. अंजनीला जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी तो रंगारी पुढच्या दारानं आला. खांद्यावर बांबू, कपाळावर टेंगूळ. आप्पांना वाकून नमस्कार केला, म्हणाला, "मी ज्योतिबा. पलीकडल्या चंद्राबाईंचा ल्योक. माझ्या कुत्र्यांनी तुमचं नुकसान केलंय. खुराडं बांधून देतो."

"कपाळाला काय झालं रं?" आप्पांनी विचारलं.

"पावसात घसरलो," ज्योतिबा म्हणाला आणि अंजनीकडं बघितलंसुद्धा नाही. अंजनी कांड्यांवर वाकून हसू दाबत राहिली.

परसात काम सुरू झालं. आई ताराबाई मागच्या दारात तांदूळ निवडत बसली, म्हणजे तांदळावर एक डोळा आणि लेकीवर एक. ज्योतिबानं बांबू चिरले, पट्ट्या विणल्या, खुराड्याभोवती चर खणून त्यात दगड बसवले. कुत्र्यानं उकरलं तर नखं दगडाला लागावीत म्हणून.

"लई बारीक काम करता," अंजनी म्हणाली.

"पुन्हा मार खायची हौस न्हाय."

"धोटा परत द्या माझा. आप्पा शोधायला लागलेत."

त्यानं हळूच खिशातून धोटा काढला आणि खुराड्याच्या दाराला केलेल्या दोन कड्यांतून आरपार सरकवला. चपखल बसला!

"मागावर ठेवलास तर आप्पा इचारतील, इतके दिवस कुठं हुता," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मग टेंगूळ पण बाहेर पडंल. त्यापरीस हितंच ऱ्हाऊ दे. कडी म्हणून. तुला न् मला ठाऊक असलं म्हंजे झालं."

तुला न् मला! अंजनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आईनं तिकडून विचारलं, "काय गं, काय म्हणतोय?"

"कडी चांगली बसली म्हणतायत," अंजनीनं सांगितलं. खोटं काय होतं त्यात?

मग काय विचारता! रोज तिन्हीसांजेला अंजनी कोंबड्या कोंडायला परसात जाई आणि नेमकं त्याच वेळी ज्योतिबाला गडग्याशी काहीतरी काम निघे. कधी सूत पिळायचं, कधी कुत्र्यांना हाका मारायच्या. हाताचा रंग रोज निराळा. आज हिरवा, उद्या जांभळा.

"आज कुणाचं लुगडं?" ती विचारी.

"असंल कुणाचं तरी. माझ्या हातनं जगाच्या बायका नटतात, आमच्या घरात मात्र आई एकटी पांढऱ्यात."

"मग आणा की कुणाला तरी."

"आणीन. पण नेम चांगला असलेली पायजे... म्हंजे थोडासा चुकणारा!"

अंजनी पदर तोंडात कोंबून पळत सुटे. पाऊस पडत असे, वरच्या पन्हाळीचं पाणी डोक्यावर येत असे, पण भिजल्याचं भान कुणाला? तिला तो आवडत होता. स्वतःशी तिनं ते कबूलही करून टाकलं होतं, चुलीपुढं बसून, भाकरी करपू देऊन.

आणि एका सकाळी घात झाला.

खुराड्याचं दार सताड उघडं. धोटा खाली चिखलात. टिकलीचा पत्ता नाही! अंजनीनं परस पालथं घातलं, गल्ली धुंडाळली. मग गडग्यावरून डोकावली, तर पलीकडं कबऱ्या बसलेला, जिभल्या चाटत... आणि त्याचं तोंड नाकापासून गळ्यापर्यंत लालभडक!

टिकली गेली. आता सगळ्याच जाणार. आक्काला काय सांगू? ती गटार ओलांडून, गडग्याच्या पडक्या भागातून थेट परराज्यात शिरली. कबऱ्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून तिनं त्याला ओढत चंद्राबाईंच्या पडवीत नेलं.

पडवीत निपाणीकडचे पाहुणे बसले होते. फेटे, उपरणी, पुढ्यात पोह्यांच्या बश्या. ज्योतिबाला मुलगी सांगून आलेली! ते अंजनीला तेव्हा दिसलंच नाही.

"बघा! बघा तुमच्या कुत्र्याचं तोंड!" ती ओरडली. "रोज संध्याकाळी गोड गोड बोलायचं, हसवायचं, आणि सकाळी माझी टिकली खाऊन मोकळं व्हायचं! तुमी बांधलेल्या खुराड्याचा मला काय उपयोग? तुमच्यावर इस्वास ठेवला हीच माझी चूक!"

एका पाहुण्यानं बशी खाली ठेवली. दुसऱ्यानं विचारलं, "रोज संध्याकाळी?"

चंद्राबाईंचा चेहरा उतरला. ज्योतिबा उभा राहिला. रागावला नाही, काही नाही. नुसतं म्हणाला, "अंजनी, घरी जा. हात धुऊन बघ."

हात धुऊन बघ! म्हणजे काय, टिकलीवर पाणी सोडायचं? अंजनी रडत घरी आली. हंड्यापाशी बसून हातावर पाणी घेतलं. लाल जाईना. राखेनं घासलं, शिकेकाईनं घासलं. जाईना. रक्त असतं तर केव्हाच गेलं असतं... हा तर रंग!

देवा रे! कबऱ्यानं रंगाच्या हंड्यात तोंड घातलं होतं.

तेवढ्यात बंद पडलेल्या मागाच्या खड्ड्यातून आवाज आला. क्लक्... क्लक्. विणणाऱ्यानं पाय सोडून बसायचा तो खड्डा. कोरडा, उबदार, अंधारा. त्यात सुताच्या गुंत्यावर टिकली अंग फुगवून बसली होती, पोटाखाली अंडी. केव्हापासून चोरून घालत होती कुणास ठाऊक! अंजनीनं हात पुढं केला तर तिनं टोचलं.

आणि मग अंजनीला कालची संध्याकाळ आठवली. ज्योतिबा काहीतरी म्हणाला होता, ती लाजून पळाली होती, आणि धोटा कडीत सरकवायचा राहूनच गेला होता. कुत्र्याचा दोष नाही, ज्योतिबाचा नाही. सगळा आपलाच!

आप्पा मागे येऊन उभे होते. त्यांनी कोंबडी बघितली, लेकीचे लाल हात बघितले. खाकरून म्हणाले, "ती उठेस्तोवर हा माग चालायचा न्हाय. आणि देवीला नारळ वाढवू यंदा." एवढं बोलून कामाला बसले.

कोंबड्या वाचल्या. पण दुसरं जे गमावलं होतं त्याचं काय? निपाणीचे पाहुणे पोहे टाकून उठून गेल्याचं गल्लीभर झालं. संध्याकाळी गडग्याशी कुणी येईना. अंजनीनं माफी मागायची ठरवली, पण चंद्राबाईंच्या दारात कुठल्या तोंडानं जाणार? हात तर लालच होते. पाणवठ्यावर बायका विचारत, "काय गं, कुणाच्या हळदीआधीच मेंदी?" तिला रडू फुटे.

शेवटी तिला सुचलं ते एवढंच. रोज आपल्या ताटातली अर्धी भाकरी ती गडग्याशी नेई आणि हाक मारी, "कबऱ्या, ये रं." कबऱ्या येई, मागोमाग ती दोघंही. पहिल्यांदा दबकत, मग शेपट्या हलवत. ती त्यांच्या कानात सांगे, "चुकले म्हणावं. जाऊन सांग की रं तुझ्या मालकाला." हळूहळू नवल घडलं. कबऱ्या गडग्यावर बसू लागला, पण तोंड कोंबड्यांकडं नाही, गल्लीकडं करून. दुसरं कुठलं कुत्रं आलं की हाच अंगावर धावून जाई!

जत्रा झाली. झड ओसरून ऊन पडलं. त्या दिवशी टिकली खड्ड्यातून बाहेर आली, मागं पिवळ्या पिल्लांची रांग. अंजनी परसात बसून त्यांना कण्या टाकत होती, आणि माजघरातून आवाज आला. तिच्या हातातल्या कण्या सांडल्या.

ज्योतिबा आला होता. बरोबर चंद्राबाई, चांगल्या घडीचं लुगडं नेसून. ज्योतिबाच्या हातांवर सुताच्या लडी होत्या. लालभडक! अंजनीनं तो लाल ओळखला. तिच्या नखांच्या कडांना अजून होता तो.

"सुबरावअण्णा, ह्याचं लुगडं विणायचंय," ज्योतिबा म्हणाला. "कोंबडी उठली म्हणं. माग मोकळा झाला असंल."

"तुला कुणी सांगितलं?"

"माझी कुत्री हल्ली घरी जेवत न्हाईत. हितंच जेवून येतात. मग सांगणारच की सगळं."

अंजनी दाराआड उभी राहून ऐकत होती. 

"लुगडं कुणाच्या नावाचं?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्याच घरातल्या माणसाच्या. तिनं व्हय म्हटलं तर." ज्योतिबानं हातावरच्या लडी उगाच सारख्या केल्या. "न्हाय म्हटलं तर... कबऱ्याला झूल शिवीन. रंग त्यानं आधी चाखलाय."

चंद्राबाई पुढं झाल्या. "अगं पोरी, पुढं ये. त्या पाहुण्यांसमोर माझी लाज गेली, लई राग आला हुता मला. पण कोंबडीसाठी जी एवढी भांडती ती माझ्या घरासाठी किती भांडंल, असं मनात आलं. आमच्या घरात तीन कुत्री हाईत, तुझ्या एवढ्या कोंबड्या. जमंल का?"

"कोंबड्यांना घेऊन येऊ दिलं तर जमंल," अंजनी दाराआडूनच म्हणाली. मग बाहेर आली आणि मान वर करून थेट ज्योतिबाकडं बघितलं. "मी चुकले हुते. कडी मीच घालायची इसरले. तुमी पळवून लावलं हुतं ना मला... बोलून बोलून."

"काय बोललो हुतो असं?" त्यानं विचारलं. डोळ्यांत ते जुनं हसू परत आलं होतं.

ती तशीच परसात गेली, खुराड्याच्या कड्यांतून धोटा ओढून काढला, पदरानं चिखल पुसला, आणि आप्पांच्या हातात ठेवला.

"आप्पा, हा घ्या. आजच विणायला लागा."

आप्पांनी धोटा उलटसुलट करून बघितला. "म्हंजे हा माझ्याकडं परत आला म्हणायचा! पावसाळाभर माझा धोटा खुराड्याला, आणि मी गप बसलोय. कपाळावरचं टेंगूळ धोट्याचं हे मला कळत न्हाय व्हय रं?"

ज्योतिबा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. ताराबाई हसता हसता गूळ आणायला आत पळाली.

"धोटा गेला," ज्योतिबा हळूच अंजनीला म्हणाला. "आता खुराड्याला कडी कसली?"

"कुत्री तुमची, कोंबड्या माझ्या," अंजनी म्हणाली. "लुगडं विणून होईपर्यंत रोज संध्याकाळी येऊन तुमीच राखणीला बसायचं!"